नाजूक कानांसाठी तपासलेली गाणी

जालन्यात मस्तगडला आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. भांडं विकत घेताना माणूस ते बघतो हा गैरसमज आहे. तो ते ऐकतो. गिऱ्हाईक हंडा उचलायचं, बोटाच्या पेरानं टण्‌कन वाजवायचं आणि आवाज विरेपर्यंत मान कलती करून थांबायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्या वेळी देवळात उभं राहावं तसे डोळे मिटून उभे असायचे. आवाज जितका लांब जाईल तितका माल चोख, असा त्यांचा हिशेब. तो लांब जाणारा आवाज जिन्यानं वर यायचा आणि माझ्या दाढांमध्ये येऊन संपायचा. लग्नसराईत तर भांड्यांवर नावं टाकायचं यंत्र दिवसभर चालायचं. कुणाच्या तरी मामाकडून कुणाला तरी सप्रेम भेट, असं ते स्टीलवर किर्रर्र करत कोरत जायचं, आणि त्यातलं प्रेम मामाला लागत असेल तेवढं लागो, मला मात्र गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन बसावं लागायचं.

माझ्या कानांना काय झालंय यावर घरात सगळ्यांची मतं ठाम होती आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. डॉक्टरांनी मळ काढला. शेजारच्या काकूंनी मिठानं नजर काढली. आत्या म्हणाली, पोरगी हलक्या कानाची आहे. मराठीत या शब्दांचा अर्थ कुणाचंही ऐकून विश्वास ठेवणारी असा होतो हे तिच्या ध्यानात नव्हतं, त्यामुळे पुढं बरीच वर्षं आमच्या नात्यात माझ्याशी बोलताना लोक जपून बोलायचे, की हिला काही सांगितलं तर ही लगेच खरं मानेल. अण्णांचं निदान सगळ्यांत सुटसुटीत होतं. ते म्हणायचे, नाटकं आहेत. आज दवाखान्यात याला मोठं नाव आहे, त्यावर कागद मिळतो, शाळेत सवलत मिळते. आमच्या वेळी सगळ्या दुखण्यांना मिळून नाटकं हे एकच नाव होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं.

 आई कुकरपाशी चिमटा घेऊन उभी राहायची आणि शिट्टी उठायच्या बेतात असली की अलगद वर उचलायची, म्हणजे वाफ फुस्स करून निघून जायची. ताटं मांडताना खाली जुनी चादर टाकायची. ठेचा ती मी शाळेत असताना खलबत्त्यात कुटून ठेवायची. उलट ज्वारीची भाकरी थापायचा आवाज मला इतका आवडायचा की मी परातीला चिकटून बसायची. ओला, भरीव, एकामागून एक येणारा, पुढचा कधी येणार ते सांगून येणारा तो आवाज होता. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या आमटीला उकळी आली की तिचा बुडबुड आवाज तसाच. माझी भीती कशाची होती ते मला तेव्हा नीट सांगता यायचं नाही. आवाज मोठा असण्यापेक्षा तो न कळवता अंगावर येण्याची ती भीती होती.

अशा घरात दत्ताकाकानं गाण्यांचं दुकान टाकलं. हा अण्णांचा धाकटा भाऊ. मॅट्रिकशी त्याचं जुनं भांडण होतं, ते मिटलं नाही. त्यानं सोड्याच्या बाटल्या विकून पाहिल्या, बियाण्यांची एजन्सी घेऊन पाहिली, आणि कपाशीचं बी उगवलं नाही म्हणून लोक दारात यायला लागले तेव्हा त्यानं ठरवलं की आता उगवायची जबाबदारी नसलेला माल विकायचा. अण्णांनी दुकानाची डावी बाजू त्याला दिली. एका बाजूला हंडे-कळश्या, दुसऱ्या बाजूला कॅसेटी, आणि मधोमध दोन भलेमोठे स्पीकर. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे आणि काका त्यांना कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा. डिस्कोचे दिवस होते. यंत्रातनं काढलेल्या टाळ्या, यंत्रातला ढोल, आणि अर्ध्या गाण्यात सगळं एकदम थांबून पुन्हा एकदम अंगावर यायची जी नवी रीत आली होती, ती कुणी काढली त्याचा पत्ता मला आजही हवा आहे.

शाळा सुटल्यावर मला दुकानात बसावं लागायचं. काही गाण्यांना मी गल्ल्यावर बसून तांदूळ निवडायची आणि काही गाण्यांना सूप टाकून जिना चढून पळायची. काकाच्या ते लक्षात आलं. त्याला शिकलेलं काही येत नव्हतं, पण कोणती गोष्ट विकली जाईल याचा वास त्याला यायचा. एक दिवस गल्लीतले रिटायर झालेले हेडमास्तर आले. त्यांचं डोकं अर्ध्या बाजूनं दुखायचं, आणि भक्तिगीतंसुद्धा सोसत नाहीत म्हणून ते हैराण होते. ज्या कॅसेटला मी सगळे तांदूळ निवडून उठले होते ती काकानं त्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर येऊन सांगून गेले, की कितीतरी दिवसांनी दुपारी डोळा लागला. त्याच संध्याकाळी काकानं पाटी रंगवून आणली. ‘येथे नाजूक कानांसाठी गाणी तपासून मिळतील.’ तपासणारी नववीत होती, तिला सारेगमसुद्धा येत नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

गाण्याबद्दल बोलायला माझ्याकडं शब्द नव्हते. स्वयंपाकघराचे होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं, गुळगुळीत जाणारं गाणं असलं की मी म्हणायची, हे वरण आहे. थोडं चढउतार करणारं, मधे एखादी फोडणी बसणारं, पण झेपणारं, ती आमटी. आणि जिभेवर ठेवताच डोळ्यांत पाणी येणारं, तो ठेचा. काका कॅसेटच्या पाठीवर बॉलपेननं तेवढंच लिहायचा. व, आ, किंवा ठे.

त्याच सुमारास जालना जिल्हा झाला होता, आणि जिल्हा म्हटल्यावर साहेब लोक आले, साहेबांबरोबर त्यांच्या बायका आल्या. त्यात एक इंजिनिअर साहेबांच्या बाई होत्या, त्यांना सगळी बाजारपेठ इंजिनिअरीणबाई म्हणायची. त्यांनी पाटी वाचली आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपलेही कान नाजूक आहेत. महिनाभरात नव्या वसाहतीतल्या सगळ्याच बायकांचे कान नाजूक निघाले. गावाकडचे कान जाड आणि शिकलेले कान पातळ, असं एक शास्त्रच तयार झालं. ज्या दुखण्याला आमच्या घरी नाटकं म्हणायचे, तेच दुखणं वसाहतीत रिक्षानं गेल्यावर संस्कार झालं. एकीनं आमटी मागितली की दुसरी वरण मागायची. इंजिनिअरीणबाईंना वरणही जड व्हायला लागलं. याहून हलकं काही आहे का, म्हणून त्या काकाच्या मागे लागल्या. काकानं गडबडीत त्यांना एक कॅसेट दिली, ती भरायचीच राहून गेली होती. तिच्यात नुसती खरखर होती. आठवड्यानं बाई आल्या आणि म्हणाल्या, ही सोसते, पण दुसऱ्या बाजूपेक्षा पहिली बाजू जरा जास्त सोबर आहे. काकानं ते अगदी गंभीरपणे मान्य केलं. पुढं गणपतीत याच बाई मंडळाच्या कर्ण्याखाली फुगड्या घालताना मी गच्चीवरून पाहिल्या. मला राग आला नाही. त्यांच्या कानांचा मला हेवा वाटला.

खरा धंदा मात्र वरणाचा नव्हता. तालमीतली पोरं यायची आणि विचारायची, ‘दत्तूशेठ, ज्या गाण्याला पोरगी पळून गेल्ती ते द्या.’ ठेच्याची कॅसेट दुकानात टिकेना. वराती, मिरवणुका, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांना ठेचाच हवा असायचा, आणि त्यातही माझ्या कानांनी फेटाळलेला असला पाहिजे अशी अट असायची. नवा माल आला की पोरं दुकानासमोर उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायची. मी जिन्याकडं वळले की खाली टाळ्या. अशा रीतीनं जालन्यात जे जे मला सोसत नव्हतं ते ते मीच निवडून जालन्याच्या गल्लोगल्ली पोचवत होते. आता गाण्यांना तारे द्यायची सोय मोबाइलमध्ये आली आहे. माझी नात एखाद्या गाण्याला वैतागून शिव्या लिहिते आणि त्या वाचून लाखभर लोक ते गाणं ऐकतात. तिला यात नवल वाटतं, मला वाटत नाही.

अण्णांना हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता, पण कॅसेट घ्यायला आलेला माणूस जाताना तांब्या घेऊन जायचा, म्हणून त्यांनी नाटकं हा शब्द वापरणं कमी केलं.

कमलताई आल्या त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते आणि आमच्या मागच्या बोळात राहायचे. माहेर टेंभुर्णीचं, शेतीवाडीचं, मोठं. त्यांच्या बरोबर त्यांची मुलगी होती, छबू, सहाएक वर्षांची. ती फारसं बोलायची नाही. कमलताईंनी इंजिनिअरीणबाईंसारखं काही वर्णन केलं नाही. मागच्या साली माहेरी छबूच्या मामेभावाच्या बारशाला कर्णा लावला होता, तेव्हा छबू किंचाळत सुटली, आडव्या आलेल्या मोठ्या मावशीच्या हाताला चावली आणि कडब्याच्या गंजीत जाऊन दडून बसली, ती अंधार पडेपर्यंत निघेना. नातेवाइकांनी सांगितलं, बाहेरचं आहे, बघणाऱ्याकडं न्या. आता त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. कमलताईंच्या सासरचे म्हणत होते, पोरीला शेजारी ठेवून या. कमलताईंनी ते ऐकलं नव्हतं, आणि बहिणीनं तिकडून निरोप धाडला होता की ताई छबूला घेऊन आली नाही तर मी हळद लावून घेणार नाही.

‘तुझे कान तिच्यावाणी हायेत म्हणत्यात,’ कमलताई मला म्हणाल्या. ‘मंग तूच सांग, मांडवात काय वाजवावं, म्हंजी माझी पोरगी तिच्या मावशीच्या मागं करवली म्हणून उभी राहीन.’

इतकी वर्षं कुणी मला असं विचारलं नव्हतं. बाकीच्यांना माझी पसंती हवी होती किंवा नापसंती. या बाईला उत्तर हवं होतं. मी छबूकडं पाहिलं. ती एका मोठ्या घंगाळाच्या कडेवरून बोट फिरवत होती आणि माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, ही माझीच धाकटी बहीण आहे.

मी कामाला लागले. घरातलं कुणी नसताना दुपारी दुकानाचं अर्धं दार ओढून मी एकेक गाणं आवाज बारीक करून, मग वाढवून, मग पुन्हा बारीक करून ऐकत होते. ज्यात एकही टाळी नाही, एकही झांज नाही, जिथं ढोल लांबूनसुद्धा येत नाही, अशी गाणी मी वेचली. त्यातलं एक तर माझं सगळ्यांत लाडकं होतं; बासरीचा एकच बारीक सूर आणि त्यावर बाईचा उंच, रेशमाच्या धाग्यासारखा ओढलेला आवाज. ताप आला की मी तेच लावायची. काकानं कॅसेटी भरून दिल्या, पण त्याचा जीव खालीवर होत होता. तो म्हणाला, हे लग्नात वाजलं तर वऱ्हाड पंगतीतच आडवं होईल आणि वाढप्यांना ताटं ओलांडून जावं लागेल. तरीही आम्ही दोघं कमलताईंबरोबर जीपमधून टेंभुर्णीला गेलो, कारण काकाला तिथं पुढच्या लग्नांची गिऱ्हाइकं दिसत होती आणि मला, खरं सांगायचं तर, लग्नाला तपासनीस म्हणून बोलावलेली त्या जिल्ह्यातली पहिली मुलगी मी आहे याचा गर्व झाला होता. नवं परकर-पोलकं घातलं होतं. कानात मात्र आईनं तेलाचा कापूस घातला होता, त्यामुळे रस्त्यात लोक काय बोलत होते ते मला अर्धंच कळलं.

कमलताईंचे वडील नानासाहेब हे माणूस म्हणून प्रेमळ होते, पण लग्न म्हणजे आवाज यात त्यांना शंका नव्हती. कडुलिंबाच्या शेंड्याला त्यांनी एक कर्णा बांधला होता, पाण्याच्या टाकीवर दुसरा, आणि तिसरा शेताकडं तोंड करून, म्हणजे निंदायला गेलेल्या बायांनाही आमंत्रण पोचावं. त्यांची इच्छा साधी होती: मुलीचं लग्न तालुक्याला, जाफराबादला ऐकू जावं. कमलताईंनी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं तेव्हा नवरदेव मांडवात येईपर्यंत माझी गाणी लावायला ते कबूल झाले. मशीनवाल्याच्या हातात माझ्या कॅसेटी देताना त्यांनी असा चेहरा केला की लेकीसाठी इतकं तरी सोसलं पाहिजे.

माझी गाणी सुरू झाली. थोड्या वेळानं वेशीकडून दोन म्हातारे काठ्या टेकत आले आणि हळूच विचारायला लागले, की कोण गेलं. नानासाहेबांनी त्यांना पाणी पाजलं आणि लग्न आहे म्हणून सांगितलं. ते बसले, पण टोप्या काढूनच बसले. पलीकडच्या वाडीतून एकानं सायकलवरून निरोप आणला, की लाइट गेली का, आवाज येईना, जनरेटर पायजे तर आमचं न्या. आचाऱ्यानं बुंदी पाडता पाडता जांभई दिली. काका मांडवाच्या खांबाला टेकून दुसरीकडंच बघत होता. मला याचं काही वाटत नव्हतं, कारण छबू पिवळा परकर घालून आईच्या मांडीशी अगदी शांत बसली होती, आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई तिच्याकडं बघून म्हणत होती, की सुधरली बाई पोरगी. कमलताई माझ्याकडं बघून एकदा हसल्या.

मग माझं लाडकं गाणं लागलं. बासरीचा तो बारीक सूर तिन्ही कर्ण्यांतून एकदम निघाला आणि त्यावर तो उंच आवाज चढला. मी डोळे मिटले, घरी मिटायची तसे. पुढच्या क्षणी छबूची किंकाळी ऐकू आली. तिनं डोकं खाली घातलं होतं आणि पायांनी सतरंजी मागं ढकलत होती, जणू समोरून काही तरी तिच्यावर चालून येत होतं. मी मशीनकडं धावले, कॅसेट बंद केली. गाणं थांबलं, किंकाळी थांबली नाही. बायांचा गोल पडला. त्यांच्यातली, बारशाला चावा बसलेली मावशी हात पदराखाली घेऊन सांगायला लागली, की मी तवाच म्हटलं होतं. कमलताई पोरीला धरायला जात होत्या आणि पोरगी हाताला लागत नव्हती. मी तिथं उभी होते. हातात माझी कॅसेट होती, तिच्या पाठीवर काकाच्या अक्षरात ‘व’ लिहिलं होतं.

नेमकी तेव्हाच मारुतीच्या देवळाकडून वरात आली. नवरदेवाकडच्यांनी आणलेला बँड होता, आणि बँडात एक ढोल, एवढा मोठा की तो वाजवणारा माणूस त्याच्या मागं दिसत नव्हता, फक्त टोपी आणि दोन हात. पहिला ठोका पडला तसा मी खांब धरला. आणि मला दिसलं की छबू उठून उभी राहिली आहे. ती बायांच्या गोलातून वाकून निघाली, घोड्याच्या पुढून गेली, आणि सरळ त्या ढोलापाशी जाऊन तिनं आपला गाल आणि दोन्ही तळहात त्याच्या लाकडाला लावले. ढोलवाल्यानं घाबरून हात थांबवले. छबूनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि त्याचं मनगट धरून खाली ओढलं. त्यानं नवरदेवाच्या बापाकडं पाहिलं, बापानं नानासाहेबांकडं, आणि नानासाहेबांनी कुणाकडंही न बघता ‘वाजव’ म्हटलं. तो वाजवायला लागला. छबू हसत होती. हसण्याचा आवाज काही ऐकू येत नव्हता, पण तिचे दात मला दिसत होते, पुढचा एक पडलेला.

त्यानंतर काय झालं याची लोकांनी पुढं बरीच वर्णनं केली. वरात मांडवाच्या दारात अडकून राहिली, कारण ढोल थांबला की छबू मनगट ओढायची. नवरदेव घोड्यावर घामानं निथळत होता आणि घोडा कंटाळून परत देवळाकडं निघायच्या विचारात होता. भटजींनी मुहूर्त जातोय म्हणून हात हलवले, ते कुणी बघितले नाहीत. मग त्यांनी पंचांग उलटून थोडा पुढचा मुहूर्त काढला, तो आधीच्यापेक्षा चांगला निघाला. मंगलाष्टकांच्या प्रत्येक ‘सावधान’ला ढोल पडला आणि छबू मावशीच्या मागं करवली म्हणून कलश धरून, ढोलाला पाठ टेकवून उभी राहिली. नानासाहेब ज्याला त्याला सांगत होते, ‘नात आमच्यावर गेलीया. तिला बारीकसारीक चालत न्हाई, आवाज भरून लागतो.’ नातीच्या मानासाठी म्हणून त्यांनी तिन्ही कर्ण्यांवर तालमीतल्या पोरांची आवडती कॅसेट लावली. काकानं ती खबरदारी म्हणून पिशवीत आणलीच होती. पण छबू ढोलाला टेकून असेपर्यंत तिला त्या कॅसेटचंही काही वाटेना. त्या दिवशी टेंभुर्णीचं लग्न जाफराबादला बराबर ऐकू गेलं म्हणतात.

हे सगळं मी पाहिलं ते थोडंच. बाकी ऐकीव आहे. मी गोठ्यात होते. तिथं दोन म्हशी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या आणि मी त्यांच्या मधे पेंडीच्या पोत्यावर. म्हशींना कुणी नाजूक कानाच्या म्हटलं नाही, पण त्यांची आणि माझी अवस्था सारखीच होती. डोकं फुटत होतंच, पण त्याहून जास्त काही तरी दुखत होतं. माझ्यासारखी एकच पोरगी मला जगात सापडली होती आणि ती माझ्यासारखी निघाली नव्हती.

कमलताई ताट घेऊन शोधत आल्या. बुंदी, वांग्याची रस्सा भाजी, वरणभात. डोळे रडून सुजले होते आणि तोंड हसत होतं. मी म्हटलं, ‘मी तर सगळ्यांत पातळ गाणं दिलं होतं.’

‘सुई बी पातळच असती की गं,’ त्या म्हणाल्या. मग माझ्या शेजारी पोत्यावर टेकल्या. ‘तुझं गाणं खोटं न्हवतं. तिचा कान निराळा हाय. मला आईला ठावं न्हवतं, तुला कसं ठावं असणार. आज कळलं. जेव आता.’

मी जेवले. वरण चांगलं झालं होतं.

जालन्याला परतल्यावर मी काकाला सांगितलं की व, आ, ठे आता बंद. तो म्हणाला, मंग पाटीचं काय करू. मी म्हटलं, पाटी राहू दे, पण मी गिऱ्हाइकाला आधी विचारणार. आणि मी विचारायला लागले. ताट पडलं तर जास्त लागतं का पातेलं घासलं तर? कुकरची शिट्टी का गिरणीची घरघर? आवाज आधी कळलेला चालतो का? एकाच वेळी दोन माणसं बोलली तर? हेडमास्तरांनी कितीतरी वेळ बसून उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाले, की हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. गिरणीवाल्याची बायको आली, पेढीवरचा एक मुनीम आला, अशी चार माणसं आली ज्यांच्याकडं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांना दुखतं हे ते कुणाला सांगतच नसत. इंजिनिअरीणबाईंना मी विचारलं, की तुम्हाला नेमकं काय सोसत नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, सामान्य गोष्टी. त्यावर काही भरून देता येईना. हळूहळू वसाहतीतले कान बरे झाले आणि त्या बायकांना मणके दुखायला लागले. ठेच्याच्या गिऱ्हाइकांनी मात्र काही दिवस वाट पाहिली आणि मग ती स्वतःच ऐकून निवडायला लागली. निवड वाईट नव्हती.

कमलताई आता अधूनमधून छबूला दुकानात घेऊन यायच्या. काकाचे ते दोन स्पीकर तिच्या उंचीला बरोबर यायचे. जाड, खालच्या आवाजाचं काही लागलं की ती लाकडी खोक्याला पोट टेकवून उभी राहायची, डोळे अर्धे मिटून. मी काउंटरमागं बसून तिच्याकडं बघायची आणि दात आवळून धरायची, कारण तिला जे सुख व्हायचं ते माझ्या कपाळातून जायचं.

एका संध्याकाळी तालमीतली पोरं नवीन माल ऐकायला आली होती. काकानं कॅसेट लावली. यंत्रातला ढोल सुरू झाला, छबू खोक्याला चिकटली, आणि मी सूप बाजूला ठेवून जिन्याकडं बघायला लागले. पण दारात पोरं होती, वाट नव्हती. मी तशीच खाली मान घालून बसले. किती वेळ गेला कोण जाणे. कुणी तरी माझा परकर धरला. छबू होती. ती स्टुलावर चढली, माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं, आणि आपले दोन्ही तळहात माझ्या दोन्ही कानांवर घट्ट दाबून धरले. हात गुळाचे होते, चिकट. आवाज एकदम दूर गेला, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा.  काकानं ते पाहिलं आणि घाईनं आवाज कमी करायला हात पुढं केला.

छबूच्या कपाळाला आठी पडली. हात माझ्या कानांवरून न काढता तिनं काकाला हनुवटीनं खूण केली, वर. अजून वर.

काकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, वाढव.